पीटीच्या तासाची प्राचीन कला

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला शाळेच्या मैदानावरून जाताना आतून पुकारा ऐकू येतो, "इची! नी! सान! शी!" पांढऱ्या कपड्यातली तीस-चाळीस पोरं ओळीत उभी राहून हवेला ठोसे मारत असतात. आकडे जपानी, उच्चार अस्सल सातारी. यातल्या निम्म्या पोरांना एकोणसत्तर म्हणजे नक्की किती हे विचारलं तर ती मोबाइलकडे बघतात. पण दहापर्यंतचे जपानी आकडे झोपेतून उठवून विचारले तरी बिनचूक. दहाव्या ठोशाला सगळे मिळून आरोळी ठोकतात. तिला 'किआई' म्हणतात आणि ती पोटातून यावी लागते. पुढच्या ओळीतल्यांची पोटातून येते. मागच्या ओळीतल्यांच्या पोटाचं लक्ष फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीकडे असतं.

शिकवणाऱ्या सरांना मुलं 'सेन्सेई सर' म्हणतात. जपानीत सेन्सेई म्हणजेच गुरुजी, त्यामुळे हा पिवळा पीतांबर झाला. पण नुसतं 'सेन्सेई' म्हटलं तर आदर कमी पडेल अशी पोरांना भीती वाटते, आणि नुसतं 'सर' म्हटलं तर फी जास्त वाटेल अशी पालकांना.

कंपाउंडच्या भिंतीपाशी हे पालक उभे असतात. त्यांचा पहिला प्रश्न, "याचे दहावीला मार्क मिळतात का?" दुसरा प्रश्न, "ब्लॅक बेल्ट कधी?" आणि त्यांच्यात हमखास एक जाणकार असतो. तो हाताची घडी घालून, मान तिरकी करून सांगतो, "हे कसलं हो कराटे? ही तर पीटीची कवायत! खरं कराटे म्हणजे डोंगरात, धबधब्याखाली, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि त्याचा एकच शिष्य." जाणकाराने सिनेमे पुष्कळ पाहिलेले असतात. इतिहास मात्र, वाईट वाटतं सांगायला, मागच्या ओळीतल्या वडापाववाल्या पोराच्या बाजूने आहे.

कराटे आलं ओकिनावाहून. हे बेट आज जपानचा एक प्रांत आहे, पण पूर्वी ते र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. चीनशी त्याचा व्यापार, चिनी मारामारीच्या विद्येशी ओळख. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकलं. इथून पुढे सिनेमावाले सांगतात की, निःशस्त्र शेतकऱ्यांनी तलवारवाल्या सामुराईंशी लढायला रात्री गुपचूप कराटे घडवलं. गोष्ट झकास आहे. फक्त ज्या जुन्या उस्तादांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, त्यांच्यात शेतकरी शोधावे लागतात. बहुतेक मंडळी राजदरबाराच्या चाकरीतली. मात्सुमुरा सोकोन हा राजाचा अंगरक्षक. त्याचा शिष्य इतोसू आन्को दरबारात कारकून! कराटेचा आद्य प्रवर्तक खर्डेघाशी करत होता, हे कळल्यावर आपल्याकडच्या कितीतरी सरकारी कचेऱ्यांत नवचैतन्य येईल.

१८७९ मध्ये जपानने ते राज्यच खालसा केलं. दरबार गेला. पुढे १९०१ मध्ये, सत्तरीच्या घरात आलेल्या इतोसूंनी शुरी गावातल्या प्राथमिक शाळेत कराटे शिकवायला सुरुवात केली. तोवर जी विद्या एका गुरूने एकदोघांना द्यायची, ती आता चाळीस पोरांना एकदम द्यायची होती. मग जे करायचं तेच त्यांनी केलं. ओळीत उभं केलं, आकडे मोजले, अवघड कातांमधून, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांमधून, सोपे तुकडे काढून 'पिनान' नावाचे पाच नवे काता बांधले. १९०८ मध्ये शिक्षण खात्यापुढे मांडण्यासाठी दहा मुद्द्यांचं पत्रही लिहिलं. त्यात शरीर बळकट होईल, देशाला चांगले सैनिक मिळतील असं सगळं आहे. शिवाय नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनचाही दाखला आहे. ओकिनावाचा म्हातारा आपली देशी विद्या अभ्यासक्रमात घुसवण्यासाठी इंग्रज सेनापतीची साक्ष काढतो, यावरून खात्याशी पत्रव्यवहार कसा करायचा हे त्या कारकुनाला पक्कं माहीत होतं असं दिसतं.

म्हणजे धबधबा नव्हेच. पीटीचा तास!

आणि ज्यांनी ही विद्या ओकिनावाबाहेर नेली ते गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) तर पोटापाण्यासाठी शाळामास्तरच होते. त्यांना खरं म्हणजे वैद्यकीय शाळेत जायचं होतं. पण तिथे जायला शेंडी कापावी लागत होती, आणि घरचे जुन्या वळणाचे. शेंडी तुटो की पारंबी तुटो, आमची शेंडी राहील, या बाण्याचे. डॉक्टरकी गेली. मग मास्तरकीची नोकरी मिळाली, तर तिथेही नियम तोच. शेंडी शेवटी गेलीच, वर डॉक्टरकीही गेली. असा सौदा एकोणिसाव्या शतकात आपल्या पुण्यातही अनेकांनी केला असेल, पण त्यातून कुणी कराटे काढलं नाही.

फुनाकोशी रात्री गुरूच्या अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करत. गुरू 'पुन्हा' एवढंच म्हणत. तेक्की नावाचे तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तेक्कीत पुढे नाही, मागे नाही. घोड्यावर मांड ठोकल्यासारखं बसायचं आणि एका सरळ रेषेत फक्त डावीकडे-उजवीकडे सरकायचं. विरार लोकलमध्ये दोन बाकांच्या मधून खिडकीकडे सरकणाऱ्या माणसाला हा काता जन्मजात येतो. त्याला ब्लॅक बेल्ट कुणी देत नाही, इतकंच. ही मांड पक्की झाली का हे पाहायला तरुण फुनाकोशी एकदा ऐन वादळात घराच्या छपरावर चढले, हातात तातामीची चटई शिडासारखी धरली आणि वाऱ्याच्या तोंडावर उभे राहिले. वाऱ्याने त्यांना खाली चिखलात लोळवलं. ते पुन्हा चढले. आपल्याकडे एवढ्या वादळात छपरावर माणूस चढतो तो फक्त डिशची छत्री सरळ करायला.

१९२२ मध्ये तोक्योत शिक्षण खात्याने क्रीडाप्रदर्शन भरवलं, तिथे प्रात्यक्षिक दाखवायला फुनाकोशी गेले. वय त्रेपन्न. परत जायचं होतं, पण ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी थांबवून घेतलं, आणि ते थांबलेच. खिशात पैसा नाही. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एक छोटी खोली मिळाली, बदल्यात खोल्या झाडायच्या, बागेची निगा राखायची. एक दिवस वर्तमानपत्राचा बातमीदार आला. अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, "फुनाकोशी कुठे भेटतील?" म्हातारा म्हणाला, "थांबा हं." आत गेला, कपडे बदलले, किमोनो घालून बाहेर आला आणि म्हणाला, "मीच फुनाकोशी." बातमीदाराचा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना करावी. आज एखाद्या क्लासच्या संस्थापकाच्या हातात झाडू पाहायचा असेल, तर स्वच्छता मोहिमेचा फोटो निघेपर्यंत वाट पाहावी लागते.

याच काळात ओकिनावाचाच मोतोबू चोकी नावाचा धिप्पाड गडी, पन्नाशीच्या आसपास, क्योतोला परदेशी मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहिला आणि त्याला आडवा केला. १९२५ मध्ये 'किंग' नावाच्या मासिकाने ही हकिकत सविस्तर छापली. चित्रं मात्र छापली फुनाकोशींची! मारलं एकाने, मिरवला दुसरा. मोतोबूंना फुनाकोशी आधीपासूनच फारसे आवडत नव्हते, ते या अंकानंतर आवडू लागले असतील असं मानायला जागा नाही.

आता पोशाख. तो पांढरा सदरा-विजार, तो पट्टा, 'हजारो वर्षांची परंपरा'? ती सगळी ज्यूदोकडून घेतलेली. काळा पट्टा ही कानोंची कल्पना, फुनाकोशींनी ती उचलून पहिले कराटे ब्लॅक बेल्ट दिले १९२४ मध्ये. पट्टा न धुता वापरून वापरून मळला आणि पांढऱ्याचा काळा झाला, ही गोष्ट प्रत्येक क्लासमध्ये सांगितली जाते. मराठी आईसमोर ती टिकत नाही. पट्टा मळायच्या आत निरम्यात भिजत पडतो.

नावही तसंच. 'कराटे' आधी ज्या अक्षरांत लिहीत, त्यांचा अर्थ 'चिनी हात'. १९३० च्या दशकात जपान चीनशी लढायच्या तयारीत असताना हे नाव अडचणीचं झालं. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा शहरात एका वर्तमानपत्राने उस्तादांची बैठक बोलावली, आणि 'रिकामा हात' या अर्थाचं अक्षर नक्की झालं. काही जण ते आधीपासून वापरत होतेच. आता शिक्का बसला. उच्चार दोन्हींचा एकच! अंकशास्त्र्याच्या सल्ल्याने नावात एक जादा अक्षर घालून नशीब फिरवणारे नट आपल्याकडे आहेत. पण उच्चार तोच ठेवून अख्ख्या विद्येचं राष्ट्रीयत्व बदलणं हे काम पोहोचलेल्या माणसांचंच. तो दिवस आता ओकिनावात कराटे दिन म्हणून साजरा होतो.

घराण्यांची नावंही अशीच पडली. मियागी चोजुन यांच्या शिष्याने तोक्योत प्रात्यक्षिक दाखवल्यावर कुणीतरी विचारलं, "तुमचं घराणं कुठलं?" घराण्याला नावच नव्हतं. त्या बिचाऱ्याने वेळ मारून नेली आणि परत आल्यावर गुरूला सांगितलं. मग मियागींनी विचार करून 'गोजू' म्हणजे 'कठीण आणि मऊ' हे नाव ठेवलं. आपल्याकडे घराणं म्हटलं की ग्वाल्हेर, जयपूर, किराणा आणि पाच पिढ्यांचा वारसा. इथे प्रेक्षकाच्या एका प्रश्नातून घराणं निघालं.

एवढं सगळं उसनं, नवं आणि बैठकीत ठरलेलं असेल, तर मग जुनं काय? जुनं आहे ते काता. आणि त्यावरची भांडणं.

काता म्हणजे नसलेल्या शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने केलेली लढाई. ही पोथी आहे. मूळ संहिता कुणी लिहिली ते धूसर, प्रती अनेक, प्रत्येक घराण्याचा पाठ वेगळा आणि प्रत्येकाचा दावा की आमचा पाठ शुद्ध. जागतिक महासंघाच्या स्पर्धांच्या यादीत १०२ काता आहेत. त्यातले कितीतरी एकाच काताचे पाठभेद. मग टीकाकार येतात. कातातल्या हालचालीचा अर्थ लावण्याला 'बुनकाई' म्हणतात. हात खाली झटकला. एक म्हणतो, लाथ अडवली. दुसरा म्हणतो, छे, मनगट सोडवलं. तिसरा म्हणतो, दोघेही चूक, हे खांद्याचा सांधा निखळवून फेकणं आहे. चौथा म्हणतो, शाळेतल्या पोरांसाठी इतोसूंनी खरा अर्थच लपवला. ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी का ओढायचा, एवढ्या एका मुद्द्यावर माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. ज्ञानेश्वरीतल्या एका ओवीवर तीन कीर्तनकार तीन दिवस बोलतात, त्याला सरावलेल्या महाराष्ट्राला यात काही नवल वाटू नये. फरक एवढाच की, कीर्तनकार मुद्दा पटवायला श्रोत्याचा हात पिरगळत नाहीत.

साधनंही आपल्याला परकी वाटू नयेत अशीच. ओकिनावाच्या अंगणात जमिनीत एक लाकडी फळी पुरून तिच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली असते. ती माकिवारा. रोज ठोसे मारून मुठी घडवायच्या. आपल्या तालमीतही जमिनीत लाकूड पुरलेलं असतं, त्याला मल्लखांब म्हणतात. त्यांनी खांबाला ठोसे मारले, आपण त्याला मिठी मारली. दोन संस्कृतींचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. दगडाला दांडा बसवलेलं 'ची-इशी' पाहिलं तर कोल्हापूरचा पैलवान म्हणेल, हा तर मुद्गलाचा धाकटा भाऊ. आणि वर्गाच्या सुरुवातीला पाय दुमडून बसायचं ते 'सेइझा', म्हणजे जवळजवळ वज्रासन. ते मुलांना दोन मिनिटं जमत नाही. आजीला जेवणानंतर रोज दहा मिनिटं जमतं.

हे सगळं सावकाश चालणारं काम. आणि इथेच आजच्या काळाशी वाजतं. शाळांमधून मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं, त्याची मुदत तीन महिने. हेतू उत्तमच, आणि मुली मोठ्याने ओरडायला शिकल्या तरी ती कमाई आहे. पण तीन काता दहा वर्षं आणि अख्खं स्वसंरक्षण तीन महिने, हे गणित कळलं असतं तर फुनाकोशींनी पुन्हा छपराचा रस्ता धरला असता.

त्यांच्या स्वतःच्या स्वसंरक्षणाची गोष्ट अशी. एकदा ते सासुरवाडीला निघाले होते, हातात पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायची मिठाई. निर्जन वाटेवर दोघांनी अडवलं. फुनाकोशींनी मुकाट्याने मिठाई देऊन टाकली आणि पुढे चालू लागले. गुरूंना सांगितलं, तर त्यांनी शाबासकी दिली. ही गोष्ट गॅदरिंगमध्ये करून दाखवता येत नाही, हा तिचा मोठा दोष.

गॅदरिंगला कौलं लागतात. मंगलोरी कौलांची चळत, तिच्यावर रॉकेलचा बोळा पेटवलेला, मागे ढोल, आणि सातवीतला मुलगा ती एका ठोशात फोडतो. मग बर्फाची लादी. मग छातीवर ट्यूबलाइट. शेवटी आडव्या झोपलेल्या सेन्सेई सरांच्या पोटावरून मोटारसायकल. प्रमुख पाहुणे घड्याळ पाहायचं विसरतात. कौलांनी कधी कुणाचं काय वाकडं केलं होतं, असा प्रश्न कुणी विचारत नाही. आता घरंच स्लॅबची झाल्यामुळे जुनी कौलं मिळणं कठीण झालंय, आणि पारंपरिक कराटेसमोरच्या आधुनिक आव्हानांत हे आव्हान क्लासवाल्यांना सगळ्यात जास्त टोचतं.

सिनेमाचं ऋण मात्र नाकारून चालणार नाही. 'एंटर द ड्रॅगन' १९७३ मध्ये आला आणि पुढे आपल्याकडे गावोगाव कराटेचे क्लास निघाले. भिंतीवर ब्रूस लीचं पोस्टर. ब्रूस ली विंग चुन शिकलेला, म्हणजे चिनी कुंग फूवाला. पण पोस्टर चांगलं होतं. १९८४ मध्ये 'द कराटे किड' आला. त्यातल्या प्रेमळ म्हाताऱ्याचं मियागी हे नाव गोजूच्या मियागींवरून घेतलेलं, कारण पटकथाकार स्वतः गोजू शिकलेला होता. तो म्हातारा पोराला मोटारी पुसायला, कुंपण रंगवायला लावतो आणि त्यातूनच बचाव शिकवतो. हे पाहून अनेक मराठी वडिलांनी स्कूटर पुसून घेण्याचा प्रयोग केला. त्यातून कराटे आलं नाही, स्कूटरही स्वच्छ झाली नाही. २०१० च्या नव्या 'कराटे किड'मध्ये पोरगा चीनला जातो आणि कुंग फू शिकतो. चिनी हात पुन्हा चिनी झाला, फक्त शीर्षकातलं नाव तेवढं जपानी राहिलं.

पण खरी फजिती व्हायची होती ती ऑलिम्पिकमध्ये. फुनाकोशींचा कराटेच्या सामन्यांना विरोध होता. १९५७ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांच्या संघटनेने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. तिथून निघालेली गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये तोक्योच्या निप्पोन बुदोकानला पोहोचली. काताचं पुरुषांचं सुवर्ण ओकिनावाच्या कियुना र्‍यो याला मिळालं. ओकिनावाचं हे पहिलंच ऑलिम्पिक सुवर्णपदक. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. रिकामा हात, समोर नसलेला शत्रू आणि भोवती नसलेले प्रेक्षक. इतकं शुद्ध कराटे याआधी झालं नसेल.

आणि मग ७ ऑगस्टचा शेवटचा सामना. पुरुषांची कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, ७५ किलोंवरचा गट. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४–१ ने पुढे. इराणचा सज्जाद गंजजादेह पिछाडीवर. हमेदीची लाथ गंजजादेहच्या डोक्यावर बसली आणि तो जागच्या जागी कोसळला, बेशुद्ध. स्ट्रेचर आलं. इथे कुठल्याही गावच्या जत्रेतल्या कुस्तीचा प्रेक्षक फेटा उडवून मोकळा झाला असता. पण कराटेचा नियम असा की, लाथ डोक्याला लागायला हवी पण लागता कामा नये. म्हणजे ती तिथवर पोहोचावी, आणि ताबाही सुटू नये. पंचांनी विचारविनिमय केला आणि हमेदीला बाद ठरवलं. गंजजादेह शुद्धीवर आला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की, तू ऑलिम्पिक विजेता आहेस. उभा होता त्याला रौप्य, आडवा होता त्याला सुवर्ण!

जगभर हशा आणि संताप झाला. निकाल मात्र कराटेच्या रीतीला धरूनच होता. हात आखडण्याचं शिक्षण असं मोठ्या पडद्यावर दाखवायला गेलं, की ते विनोदी दिसतं. पुढच्या पॅरिस ऑलिम्पिकमधून कराटे वगळलंच होतं, त्याच्याऐवजी ब्रेकडान्स आला. विशेष म्हणजे तोक्योत ६७ किलो गटाचं सुवर्ण नेणारा स्टीव्हन दा कोस्टा हा फ्रान्सचाच. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही कराटे नाही, क्रिकेट आहे. कंपाउंडच्या भिंतीपाशी ही बातमी पोहोचली तेव्हा दोन पालकांनी त्याच आठवड्यात बॅच बदलली.

राहिलेल्यांसाठी पट्टे आहेत. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी. दर परीक्षेला फी, पट्ट्याचे पैसे वेगळे, सर्टिफिकेट लॅमिनेट करून हवं असेल तर आणखी वेगळे. अखेरचा काळा. त्याच्या पहिल्या पायरीला 'शोदान' म्हणतात, आणि त्यातल्या 'शो'चा अर्थ 'सुरुवात' असा आहे, ही माहिती बहुतेक क्लासमध्ये फी भरून झाल्यावर मिळते. फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पाचव्या दानापलीकडे नेलं नाही. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत चौकातल्या फ्लेक्सवर नववा, दहावा दान मिळवलेले ग्रँडमास्टर नगरसेवकांच्या शेजारी हात जोडून उभे असतात.

दरम्यान मागच्या ओळीतला तो पोरगा घरी आला आहे. परवा पिवळ्या पट्ट्याची परीक्षा, काता पहिला हेइआन, एकवीस हालचाली. (इतोसूंच्या त्याच पाच पिनानपैकी हा एक, फुनाकोशींनी नाव बदललं आणि सोपा म्हणून दुसऱ्याचा पहिला केला.) नियम असा की, जिथून सुरुवात केली तिथेच शेवट झाला पाहिजे. मैदानावर ते जमतं. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये आठव्या हालचालीला शोकेस येतं, बाराव्याला फ्रिज. त्याने टीपॉय सरकवला, वाकून नमस्कार केला, डावीकडे वळून हात खाली झटकला. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत वाती वळत होती.

"कुणाला मारतोयस रे?"

"डावीकडे एक आहे, उजवीकडे एक आहे, समोर तीन आहेत. आणि मागून पण येतात."

आजीने खोलीभर नजर फिरवली, वातींचं तबक उचललं आणि विचारलं, "मग मी कुठं बसू?"